काडेपेटीतले बाप

रांगेत माझा नंबर सतरावा होता आणि माझे पेशंट काडेपेटीत होते.

कॅन्सरच्या इस्पितळात कोबाल्ट मशीनच्या खोलीबाहेर दोन लांब बाकं होती. त्यांवरची माणसं एकमेकांशी हळू बोलत होती आणि कुणालाच कसली घाई नव्हती. माझ्या शेजारी आमच्या प्रयोगशाळेचा परिचर श्रीपती सुतार बसला होता. त्याच्या खिशातही एक काडेपेटी होती, बिड्यांसाठीची. दोन पेट्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून माझी मी आल्यापासून हातातून सोडली नव्हती.

डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेल्या एका आजींनी शेवटी विचारलंच.

“काय हाय त्यात?”

“किडे आहेत,” मी म्हणालो. त्या वयात माझा वैज्ञानिक प्रामाणिकपणावर फार विश्वास होता.

“आजारी हायेत?”

“न्हाई आजी,” श्रीपती म्हणाला. “उद्या लगीन हाय त्यांचं. त्याच्या आदी जरा ऊन दावून आणायचंय.”

आजींनी पेटीकडे पाहिलं, मग बाकावरच्या बाकीच्यांकडे.

“मग जाऊ द्या की ह्यांना म्होरं,” त्या म्हणाल्या. “आपल्यात कुणाचं लगीन हाय उद्या?”

बाकावर थोडं हसू पसरलं आणि आम्हाला वाट मिळाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्रीपतीनं मात्र जाताना सगळ्यांना रीतसर नमस्कार केला, वऱ्हाडातल्या माणसानं करावा तसा.

हे एक्याण्णव सालचं. मी सव्वीस वर्षांचा, एम.एस्सी., कोल्हापूरजवळच्या एका संस्थेत प्रकल्प सहायक. माझा विषय पिठ्या ढेकूण. जास्वंदीच्या नाहीतर सीताफळाच्या फांदीवर पीठ सांडल्यासारखा पांढरा किडा बसलेला असतो, तोच. अख्खा जिल्हा त्याला मारायला औषध शोधत होता आणि आम्ही तो लाल भोपळ्यांवर वाढवत होतो. भोपळा त्याला मानवतो. एका भोपळ्यावर हजारभर ढेकूण चार-पाच महिने बिनतक्रार राहतात. माझ्या वडिलांना लोक विचारत, मुलगा काय करतो, तेव्हा ते “संशोधन” एवढंच सांगून विषय बदलत.

प्रकल्प डॉ. कुमुद आजरेकरांचा. त्यांना सगळे बाई म्हणत. बाईंनी आयुष्याची तेरा वर्षं या किड्याला दिली होती, आणि त्याचं कारण त्या कुणालाही, अगदी वायरमनलासुद्धा, उत्साहानं सांगत.

“या किड्याच्या मुलग्याला बापाकडून गुणसूत्रांचा अख्खा संच मिळतो,” बाई सांगत. “आणि तो अख्खा संच हा पठ्ठ्या मिटून ठेवतो. फाडत नाही, खोडत नाही. पुस्तक तेच, अक्षर न् अक्षर तेच, पण शिवून टाकलेलं. आईचं तेवढं उघडं ठेवून त्यावर जगतो. मुलगी मात्र आईचंही वाचते आणि बापाचंही.”

गर्भाच्या पहिल्या काही पेशींत, ज्यांतून पुढे काहीही घडू शकतं, मुलग्यातही दोन्ही पुस्तकं उघडीच असतात. पेशी पाच-सहा वेळा दुभंगल्या की बापाचं मिटतं, ते जन्मभर. “यातलं बापाचं कुठलं, हे त्या पेशीला कळतं कसं?” हा बाईंचा प्रश्न. तेरा वर्षांत उत्तर मिळालं नव्हतं, पण प्रश्न इतका चांगला होता की बाईंच्या चेहऱ्यावर त्याचा कंटाळा मी कधी पाहिला नाही.

काडेपेटीचा संबंध असा. नराला कोबाल्टचे किरण दिले की त्याची गुणसूत्रं मोडतात. मग त्याला मुलं झाली की मुली मरतात, कारण त्या बापाचं मोडकं पुस्तक वाचायला जातात. मुलगे जगतात, कारण ते उघडतच नाहीत. हे जगाला पूर्वीच माहीत होतं. आम्हाला ते आमच्या गावच्या किड्यावर एकदा करून बघायचं होतं आणि पुढच्या पायरीला जायचं होतं.

त्यासाठी दोन भोपळे होते. एक मोठा, एक धाकटा. काडेपेटीतले सगळे नर मोठ्यावरचे. बारा बरण्यांत हे इस्पितळ बघून आलेले मोठ्याचे नर आणि धाकट्याच्या माद्या सोडायच्या. दुसऱ्या बारा बरण्यांत बरोबर उलट, म्हणजे इस्पितळ न पाहिलेले धाकट्याचे नर आणि मोठ्याच्या माद्या. पहिल्या बारांत फक्त मुलगे उरायला हवेत. दुसऱ्या बारांत मुलगे-मुली दोन्ही, सुखरूप.

काम तातडीचं होतं. या जातीच्या नराला पंख असतात, पण तोंड नसतं. खाणं नाही, पिणं नाही, दोन-तीन दिवसांत लग्न उरकायचं आणि मरायचं. आणि नेमकं इस्पितळातून आलो त्याच संध्याकाळी खोलीमालकीणबाई माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाल्या, “अहो, तुम्हाला कावीळ झालीय.”

सकाळी श्रीपती खोलीवर आला. मी पडल्यापडल्या सगळा बेत एका कागदावर लिहून दिला. किडे उचलायच्या कामाची मला काळजी नव्हती. तिळाएवढा किडा शून्य नंबरच्या ब्रशच्या टोकावर घ्यायचा, तर माझ्या हातून शंभरातले दहा दगावत. त्याच्या हातून एक दगावलेला मला आठवत नाही.

“चिठ्ठ्यांवर काय लिवू?” त्यानं विचारलं.

“आधी बरणीचा नंबर. मधे मोठा नाहीतर धाकटा. शेवटी महिना. आपण आपलं नाव लिहितो ना, तसं.”

हे मला इतकं चपखल वाटलं की मी तेच कागदावर लिहिलं, “आपण आपलं नाव लिहितो तसं”, आणि खाली रेघ ओढली. अंगात एकशे एक ताप होता.

पाच आठवड्यांनी मी कामावर परतलो तेव्हा अंगात शर्ट फिरत होता आणि फळीवर चोवीस बरण्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर श्रीपतीच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी. बरणीतला मुलगा ओळखणं अवघड नाही. मुलगे कापसासारखा कोश करून आत बसतात. मुली बाहेरच राहून गुटगुटीत होत जातात.

‘मोठा’ लिहिलेल्या बाराही बरण्यांत कोश होते. आणि गुटगुटीत मुलीही होत्या, ढिगानं.

मी दोनदा मोजलं. मग बाईंना बोलावलं. त्यांनी तीनदा मोजलं.

“म्हणजे बाप मोडका असूनही मुली जगल्या,” बाई हळूच म्हणाल्या.

“त्यांनीही बापाचं मिटवलं असेल, बाई. गरज पडली तर मुलीही मिटवत असतील.”

“हे कुणी पाहिलेलं नाही.”

“नाही.”

बाईंनी बरणी खाली ठेवली. मग त्यांनी फळीवरच्या दुसऱ्या बरण्यांकडे बोट केलं. “आणि हे काय? ‘धाकटा’मध्ये तर नुसते कोश आहेत. यांचे बाप धडधाकट होते ना? मग यांच्या मुली का मेल्या?”

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. “धाकटा भोपळा बुडाशी सडला होता, बाई. बुरशी लागली असणार.”

“बुरशी फक्त मुलींना लागली?”

“मुलगे कोशात असतात. मुली उघड्यावर.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “हुशार आहात,” त्या म्हणाल्या. ते कौतुक होतं असं मी धरून चाललो. “पुन्हा करून बघू. तोपर्यंत कुठे कळवायचं झालं, तर दिसलं तेवढंच कळवा.”

मी दिसलं त्याहून थोडं जास्त कळवलं. म्युनिकजवळच्या एका प्रयोगशाळेत प्राध्यापक लिंडनर याच विषयावर काम करत. त्यांना मी चार पानी पत्र धाडलं. ऑक्टोबरात उत्तर आलं. निकाल खरा असेल तर फार महत्त्वाचा आहे, पंधरा डिसेंबरपूर्वी स्लाइड आणि नोंदी पाठवा, तपासून पटल्या तर जानेवारीपासून तीन वर्षांची जागा तुमची. पत्राचा कागद इतका गुळगुळीत होता की मी तो दाखवताना लोकांना हातही लावू देत असे. खोलीमालकीणबाईंनी गहू भरून ठेवायचा डबा रिकामा करून मला तिकडे न्यायला देऊ केला. वडिलांनी लोकांना “जर्मनी” असं सांगायला सुरुवात केली आणि विषय बदलणं बंद केलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका गुरुवारी, मी जर्मनीला पाठवायच्या स्लाइडसाठी, तेव्हाच स्पिरिटमध्ये घालून ठेवलेल्या किड्यांतून किडे निवडत बसलो होतो. सोमवारी प्रकल्पाच्या आढाव्यासाठी समिती यायची होती. प्रयोग पुन्हा करायचं राहूनच गेलं होतं, म्हणून बाई तेच चोवीस बरण्यांचे आकडे तिच्यापुढे मांडणार होत्या. श्रीपती हातात कागद घेऊन आला.

“सर, जरा बगा ह्ये. रेडेकर म्हणतोय चुकलंय.”

रेडेकर म्हणजे आस्थापना विभागातले कारकून. बारा वर्षं रोजंदारीवर काढल्यावर श्रीपतीला कायम करायचं घाटत होतं, त्याचा हा अर्ज. संपूर्ण नावाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, श्रीपती तानूबाई सुतार. ‘तानूबाई’भोवती लाल पेन्सिलीचा गोल होता आणि समासात शेरा: वडिलांचे नाव नमूद करावे.

“तानूबाई कोण?”

“आई.”

“इथे वडिलांचं लिहायचं असतं, श्रीपती.”

“म्हायती हाय की.”

“मग?”

“मी आईचं लावतो. शाळंत घालाय गेली तवा मास्तरनं इचारलं, बापाचं नाव काय. आई म्हणाली, पोराला घेऊन आलंय कोण? मास्तर म्हणाला, तुमी. मग माजंच ल्या, म्हणाली.” त्यानं टेबलाची कड उगाच फडक्यानं पुसली. “दाखल्यावर बी त्येच हाय. त्ये रेडेकरला दावलं. तो म्हणतोय, बाईचं नाव मधे बसत न्हाई.”

तीन वर्षं मी या माणसाबरोबर रोज आठ तास काम करत होतो. त्याचं आडनाव मला ठाऊक होतं, ब्रशवरचा हात ठाऊक होता, बिडीचा छाप ठाऊक होता. मधलं नाव कधी विचारलं नव्हतं.

मी पेन काढलं, रेडेकरांना काहीतरी खणखणीत लिहून द्यावं म्हणून. टोपण उघडलं आणि हात तिथेच थांबला.

“श्रीपती, बरण्यांच्या चिठ्ठ्यांवर मधे तुम्ही कुणाचा भोपळा लिहिलाय?”

“आईचा.”

“बापाचा नाही?”

“तुमीच ल्हिलंय की सर. आपण आपलं नाव लिहितो तसं. खाली रेघ बी हाय.”

खिडकीबाहेर माळी पाइपनं पाणी मारत होता. त्याचा पाइप दोनदा निसटला, दोनदा त्यानं तो लावला, तोवर मी मनात चोवीसही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. हिशेब साधा होता. ‘मोठा’ लिहिलेल्या बरण्यांत आई मोठ्या भोपळ्यावरची होती, म्हणजे बाप धाकट्याचा, धडधाकट. तिथे मुली जगल्या यात नवल काहीच नव्हतं. आणि ‘धाकटा’ बरण्यांचे बाप काडेपेटीतून इस्पितळात जाऊन आले होते. तिथे मुली मेल्या आणि मुलगे जगले, पुस्तकात लिहिलंय तसे. बुरशी कुणाला लागलीच नव्हती.

“का वो सर?”

“काही नाही. अर्ज ठेवा इथे. मी बघतो.”

तो गेला. मी जर्मनीच्या पत्राकडे पाहिलं. गोष्ट मला एकट्याला माहीत होती. श्रीपतीलाही ती माहीत नव्हती, त्याच्या दृष्टीनं त्यानं सांगितलेलं काम केलं होतं. मी तासभर स्वतःला समजावलं की कदाचित त्याला नीट आठवत नसेल. मग स्पिरिटमधून ‘धाकटा’चे चार मुलगे काढले, काचेवर रंग टाकून चेपले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले.

प्रत्येक पेशीत आईची गुणसूत्रं सुटीसुटी पसरलेली होती. एका बाजूला काळपट गोळा, बापाचा मिटलेला संच. आणि गोळ्याच्या आजूबाजूला तुकडे, खाली पडून फुटलेल्या बशीचे असावेत तसे. पेशीमागून पेशी बघत गेलो, सगळीकडे तेच. इतका मोडलेला बाप पोटात घेऊन हे मुलगे व्यवस्थित जगले होते. एवढं होऊनही मला ते बघत बसावंसं वाटत होतं. जेवायची सुट्टी होऊन गेली तेव्हा मी उठलो आणि बाईंच्या खोलीत गेलो.

“बाई, चिठ्ठ्यांचा घोळ झालाय. मधे बापाचा भोपळा हवा, तिथे आईचा लिहिला गेलाय. स्लाइड करून बघितल्या. ‘धाकटा’चे बाप मोडके आहेत.”

बाईंनी चष्मा काढला.

“चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?”

“श्रीपतीनं.”

हे उत्तर संपूर्ण खरं होतं. आजही मी ते उलटंपालटं करून बघतो, त्यात खोटं अक्षर सापडत नाही.

“त्याला बोलवा,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही त्याला कागद लिहून दिला होतात ना? तो घेऊन यायला सांगा.”

तो कागद एव्हाना बिडी पेटवण्यात गेला असेल असं मी समजत होतो. तो भोपळ्यांच्या फळीमागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, खिळ्याला टांगलेला होता.

बाईंनी तो वाचला. शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, रेघेसकट म्हणावी अशी.

“श्रीपती, तुमचं पूर्ण नाव काय?”

“श्रीपती तानूबाई सुतार.”

बाईंनी कागदाची घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवली. “देशिंगकर, सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम झालेलं दिसतंय.”

“हो, बाई.”

“मग लिहिणाऱ्याचा विषय संपला.”

वाचणाऱ्याचा त्यांनी काढलाच नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

“माजं काय चुकलं का बाई?” श्रीपतीनं विचारलं. अर्ज कुणाच्या टेबलावर अडलाय आणि अशा वेळी एखादी चूक केवढ्याला पडते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

“इकडे या. बसा त्या स्टुलावर.”

माझ्या स्लाइड तशाच लावलेल्या होत्या. बारा वर्षं त्यानं ही भिंगं पुसली होती. त्यांतून बघा म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आधी हात पँटला पुसले, मग एक डोळा मिटून वाकला.

“दोन्ही उघडे ठेवा,” बाई म्हणाल्या. “काय दिसतं?”

“ठिपकं हायेत. आन् एक काळा गोळा.”

“गोळा म्हणजे याचा बाप. बापाकडून आलेलं सगळं.”

“आन् काय करतोय त्यो?”

“काही नाही. मुलग्यानं मिटवून ठेवलाय. जन्मभर गप्प.”

“मग टाकून का दीत न्हाई?”

“देतो ना. जन्मभर सांभाळतो, आणि स्वतः बाप व्हायची वेळ आली, बीज तयार व्हायला लागलं, की बापाचं बाजूला काढून टाकतो. पुढे जातं ते फक्त आईचं.”

श्रीपती भिंगावरून उठला नाही. “म्हंजे नातवाला आज्याचं कायबी न्हाई.”

“काहीसुद्धा नाही. आणि गंमत पुढेच आहे. आईचं म्हणून हे जे इथे बोलतंय, तेच नातवात गेलं की गप्प बसतं. कारण नातवाला ते बापाकडून मिळालेलं असतं. अक्षरं तीच. आईची म्हणून असलेली खूण पुसली जाते आणि बापाची लागते.”

“कोण लावतंय ही खूण?”

“ते कळलं असतं तर मी तुम्हाला एवढे भोपळे आणायला लावले नसते.”

तो आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग मान वर करून, अगदी साध्या आवाजात, कामाचा निरोप द्यावा तसा म्हणाला, “बाई, ह्या पोराच्या मधे आईचंच नाव पायजे मग. चिठ्ठी बरूबर हाय.”

बाई हसायला लागल्या. तेरा वर्षांतला सर्वांत मोठा निकाल त्यांच्या हातातून नुकताच गेला होता, आणि त्या डोळे पुसून पुसून हसत होत्या. मला हसता आलं नाही. मी जानेवारीचा विचार करत होतो.

सोमवारी समितीपुढे बाईंनी चार वाक्यांत सांगितलं की आधी कळवलेला निकाल चुकीचा होता, खरा निकाल जगाला माहीत आहे तोच आहे, आणि चूक आमच्या प्रयोगशाळेची आहे. कुणाचं नाव घेतलं नाही. समितीनं प्रकल्पाला एक वर्ष वाढवून दिलं, यापुढे या किडीच्या नायनाटावर लक्ष द्यावे या अटीवर. त्याच दिवशी रेडेकरांकडे बाईंची चिठ्ठी गेली: अर्जदाराचे नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे बरोबर आहे, अर्ज पुढे पाठवावा. रेडेकरांनी पाठवला. कायम केल्याचा हुकूम फेब्रुवारीत आला तो ‘श्रीपती — सुतार’ असा, मधे आडवी रेघ ओढून. बाईंनी तो परत पाठवला. एप्रिलमध्ये दुसरा आला, तीन शब्दांचा.

पण ते पुढचं. समिती गेल्यावर बाईंनी मला एवढंच विचारलं, “जर्मनीला कोण लिहिणार?”

“मी लिहितो.”

अशा पत्रांसाठी विज्ञानात एक तयार वाक्य आहे: सहायकाकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. ते जगभर चालतं. त्या सहायकाचं नाव कुणी विचारत नाही आणि पत्र लिहिणाऱ्यावर डाग राहत नाही. उलट, चूक वेळेत पकडली म्हणून लिंडनरना कौतुकही वाटलं असतं. जागा कदाचित टिकली असती. मी ते वाक्य टाइप केलं, सही केली, पाकीट बंद केलं आणि पोस्टात टाकायला श्रीपतीकडे दिलं.

त्यानं पाकीट उलटंसुलटं केलं. “निकाल चुकला म्हणून ल्हिलंय?”

“हो.”

“कशानं चुकला, त्ये बी ल्हिलंय न्हवं? त्यांला कळाय पायजे. न्हाईतर ते बी तशीच चूक करतील.”

तो चेष्टा करत नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. जर्मनीतसुद्धा कुणीतरी चिठ्ठ्या लिहीत असेल, याची त्याला खरोखर काळजी वाटत होती.

“आणा इकडे,” मी म्हणालो.

नवीन पत्र टाइप करायला पाऊण तास लागला, कारण तयार वाक्य एकही नव्हतं. मी लिहिलं की चिठ्ठ्या बरोबर होत्या. आमच्याकडे माणसाच्या नावात मधे बापाचं नाव असतं, म्हणून मी त्या बापाच्या समजून वाचल्या. ज्यांनी लिहिल्या त्या श्रीपती सुतार यांच्या नावात मधे आईचं नाव आहे, आणि ते मी कधी विचारलं नव्हतं. उलट जाणारा पुरावा समोर असताना मी त्यासाठी बुरशी शोधून काढली, हेही लिहिलं. पत्र वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की हे लिहिणाऱ्या माणसाला मीसुद्धा जागा दिली नसती.

उत्तर जानेवारीच्या शेवटी आलं. नेहमीचाच गुळगुळीत कागद, मजकूर पाच ओळींचा. मी प्रयोगशाळेच्या दारातच फोडला. श्रीपती मोरीपाशी रिकाम्या बरण्या धुवत होता.

“काय म्हणतोय जर्मन?”

“जागा दुसऱ्याला दिली म्हणतो.”

“असं,” तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं नळ बंद केला. “आणखी काय? लई लिवलंय त्यात.”

“खाली एक प्रश्न विचारलाय. तुमच्या नावांत मधे बाप असतो हे समजलं, पण मग आई कुठे असते?”

मी पत्र हातात घेऊन उभा होतो. माझ्या नावात माझं आहे, वडिलांचं आहे, वडिलांच्या वडिलांपासून आलेलं आडनाव आहे. मी ते मनात दोनदा म्हणून बघितलं.

“मग लिवा की उत्तर,” श्रीपती म्हणाला.

“काय लिहू?”

त्यानं धुतलेली बरणी उजेडाकडे धरून बघितली आणि फळीवर पालथी ठेवली.

“सुताराच्या नावात मधे असती म्हणावं,” तो म्हणाला. “तुमचं तुमी बगा.”